फाटकावरून गेलेली बरणी

गुड्रुनने सकाळी सातला आलुबुखाराच्या जॅमच्या तीस बरण्या फाटकाजवळच्या फळीवर मांडल्या आणि ती बागेत गेली. जर्मनीतल्या एल्ब नदीकाठच्या त्या गावात फळीपाशी विकायला कोणी बसत नाही. बरणी घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. नवरा गेल्यापासून माणसांची पावलं तिच्या दाराकडे वळायची ती त्या फळीपायीच.

नऊला भाचीचा, आन्केचा फोन आला.

"मावशी, नोंदणी पक्की करायच्या मेलवर क्लिक केलंस ना?"

"कुठल्या मेलवर?"

"झालं! मुदत संपली. म्हणजे रिकाम्या बरण्यांच्या कचऱ्यासाठी विकणाऱ्याने करायची नोंदणीच नाही आपली अजून. मागच्या वर्षी ताकीद मिळालीय, आता सापडलीस तर विक्रीच बंद करतील."

"अगं, पण बरण्या तर केव्हाच भरल्यात, लेबलंही लावलीत!"

"भरल्यास तरी चालतं, फळीवर मांडल्यास तरी चालतं. पहिली बरणी दुसऱ्याच्या हातात गेली, की कायद्याने ती बाजारात आली. पैसे घे नाहीतर फुकट दे. आधी उचल सगळ्या!"

ती चिखलाच्या बुटांनीच धावली. एकोणतीस. पुन्हा मोजल्या, एकोणतीसच. डबा हलवून पाहिला, तर रिकामा. तिला एकदम हायसं वाटलं. चोरीला गेलेली बरणी आपण दिली असं कोण म्हणेल? देवा, चोरच असू दे, असं ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

तेवढ्यात शेजारचे वूबे सायकलवरून उतरले. बंदरावरच्या जकातीत उभा जन्म काढलेला माणूस.

"गुड्रुनबाई, सुटे नव्हते म्हणून बरणी आधी नेली. हे घ्या पैसे."

"बरणी परत आणा आधी!"

"अहो, न्याहारीला अर्धी संपली की!"

तिने सगळं सांगितलं आणि लाज सोडून विचारलं, "चोरली म्हणाल का, वूबेसाहेब?"

वूबेंचे कान लाल झाले. सुट्टीवर जाताना गाव त्यांच्याकडे किल्ल्या ठेवायचं. ते म्हणाले, "फळी राहणार असेल, तर म्हणेन. सांगा खुशाल, वूबेने चोरली म्हणून."

गुड्रुनला रडूच फुटलं. तिने त्यांच्या हातातले पैसे घेतले, बरण्या आत नेल्या आणि ती नोंदणी कार्यालयाला लिहायला बसली. पहिली बरणी आज सकाळी, नोंदणीआधीच गेली. नेणारे श्री. वूबे. 'त्यांनी पैसे दिले आहेत' हे वाक्य तिने दोनदा लिहिलं.