तलावाचं पहिलं जाळं

फिजिओथेरपिस्ट स्नेहलने कात्रीचं टोक दोरीखाली सरकवलं आणि दोरी कापली. दुधरामच्या मनगटावरून शिशाच्या गोळ्या टेबलावर सांडल्या. जाळं पाण्यात तळाला बसावं म्हणून त्याच्या कडेला ओवतात, त्या गोळ्या. वाकलेला हात त्यांच्या ओझ्यानं सरळ होईल, असा दुधरामचा हिशेब होता. कोपर सुजून कवठाएवढं झालं होतं.

"हे कोणी सांगितलं करायला, काका?"

"कोन सांगन? जाळं सरळ होते ना याच गोळ्यायनं."

"हात म्हणजे जाळं नाही."

"म्या हेच म्हनलं," दामिनी भिंतीजवळून बोलली. "पन बापाले पोट्टीचं आयकाचं म्हनलं का कान दुखते."

दुधरामने लेकीकडे पाहिलं नाही. पहाटेच्या पॅसेंजरनं दोघं गोंदियाला उतरली होती, तिथून ऑटोनं कुडव्याला, स्नेहलच्या दवाखान्यात. स्नेहलने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"हे कोपराचं मागचं टोक. आयुष्यभर जाळं फेकलंत. दर वेळी हात झटक्यानं ताणला की हे टोक खाचेत आपटतं. आपटून आपटून तिथं हाड वाढलंय. म्हणून हात सरळ होताना अडतो."

"मंग व्यायामानं ते हाड विरघळन?"

"नाही. वाढलेलं हाड व्यायामानं जात नाही, खोटं कशाला सांगू? पण सूज उतरेल, आखडलेले स्नायू मोकळे होतील, हातात जोर येईल. शेवटचा थोडा बाक राहील. तो जबरदस्तीनं काढायचा नाही. हात मध्येच अडकून बसायला लागला किंवा करंगळी बधिर झाली, तर मात्र थेट मोठ्या डॉक्टरांकडे."

"होळी झाली का मले जाळं फेकाचं हाय."

"आणि नाही जमलं तर?"

दुधरामने सांडलेल्या गोळ्या डाव्या हाताने एकेक गोळा केल्या.

"नाही जमत असं म्हनाले गावात लय लोकं हायेत," तो म्हणाला. "त्याच्यासाठी गोंदियाले नाही आलो, बाई."

गावाच्या तलावावर होळीनंतर मासेमार ढिवरांचं पहिलं जाळं पडायचं, ते दुधरामच्या घरचं. त्याच्या आज्यापासूनचा मान. ज्या वर्षी त्या घरातून जाळं पडणार नाही, त्या वर्षी मान शेजारच्या घरी जायचा आणि पुन्हा परतायचा नाही. शेजारचं घर धाकट्या भावाचं, बिसरामचं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत चार माणसांसमोर बिसराम म्हणाला होता, "भाऊचा हात गेला, पोट्टा त्याले नाही. मान पान्यात बुडवाचा का? माहा मुन्ना हाय ना."

त्या दिवसापासून दुधराम भावाच्या अंगणातून जात नव्हता. वाट लांब पडली तरी तलावाला वळसा घालून जायचा.

व्यायाम सुरू झाला. आधी गरम कपड्याचा शेक. मग हात दुखणार नाही इतकाच वाकवायचा, इतकाच उघडायचा. पाण्याची बाटली मुठीत धरून तळवा आभाळाकडे, तळवा भुईकडे. दामिनी समोर उभी राहून तेच करायची, बाप चुकला की हसायची. सूज उतरली, तसं स्नेहलने फेकण्याची ढब बदलायला घेतली. झटका कोपराला नाही द्यायचा. पाय रोवायचे, कमरेतून फिरायचं, जोर खांद्यातून सोडायचा.

दुधरामला ते जमेना. जन्माची सवय कोपरातच येऊन बसायची.

"माह्यानं होत नाही. तू फेकून दाखव," एका सकाळी अंगणात तो लेकीला म्हणाला. "म्हंजे मले दिसन, काय चुकून राहिलो ते."

जाळं विणायचं, फाटलं तर सांधायचं, हे बायांचं काम. फेकायचं पुरुषांनी. दामिनीने दाराकडे पाहिलं, ओढणी कमरेला खोचली आणि जाळं उचललं. कोरड्या अंगणात ते भाकरीसारखं गोल पडलं. कोंबड्या ओरडत पळाल्या.

"असं, बाबा. कमरेतून."

दुधराम त्या गोलाभोवती एक फेरी मारून आला.

"अजून एकडाव दाखव," तो म्हणाला.

मग तो रोजच म्हणू लागला.

होळी झाली. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, गाव जमलं. मुन्ना नवं जाळं खांद्यावर टाकून उभा होता.

"का गा भाऊ," बिसराम ओरडला, "हात आनला का घरीच ठेवला?"

"आनला. तुह्या पोट्ट्याले उसना पायजे का?"

पाळीवर हसू फुटलं. दुधराम कमरेइतक्या पाण्यात शिरला. जाळ्याचा एक पदर डाव्या कोपरावर घेतला, कड दातात धरली, पाय चिखलात रोवले. तो कमरेतून फिरला आणि जाळं सुटलं. हात पुरता सरळ झाला नव्हता, पण जाळं उघडलं. उन्हात क्षणभर चांदणं पसरावं तसं उघडलं आणि पाण्यावर गोल बसलं. ओढून आणलं तेव्हा त्यात मरळ तडफडत होती.

"झालं," म्हातारा कवडू पाटीवर हात मारत म्हणाला. सगळ्यांत वडीलधारा तोच. "मान दुधरामच्या घरीच राह्यला. यंदाचं सोडा, हा हात अजून लय वर्सं चालते."

मुन्नाने जाळं खांद्यावरून उतरवलं.

दुधरामने मासा पाटीत टाकला. जाळं पाण्यात खळबळून धुतलं, पिळलं, त्याची नीट घडी घातली. मग पाळीकडे वळून त्यानं हाक मारली.

"दामिने. ये व पान्यात."

ती उतरली. तिच्या डाव्या कोपरावर त्यानं जाळ्याचा पदर ठेवला. पाळीवर कुजबूज उठली आणि थांबली.

"भाऊ, हे काय करून राहिला?" बिसरामचा आवाज चढला. "पोट्टीच्या हाती जाळं? तुहा हात धड हाय ना आता?"

"धड हाय," दुधराम म्हणाला. "म्हनून तं देऊन राहिलो."

तो मागे वळला नाही. पाणी कापत काठाकडे चालू लागला.

"बाबा," मागून दामिनी दबक्या आवाजात म्हणाली, "नाही उघडलं तं?"

"तं अजून एकडाव फेकजो."

तिने जाळ्याची कड दातात धरली.