उगवतीची शेवरी

“तुमी आमच्या बागंचा सत्यानाश केला. लिव.”

सावळेरामने पेनचं टोपण दातात धरलं. ग्रामपंचायतीचा शिपाई असला, तरी पिंपळवंडीत त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं.

“भिमाजीभाऊ, पयल्याच वळीत सत्यानाश लिवला तर मोठा सायेब दुसरी वाचंल का? नुसकान लिवतो.”

“नुसकान कोंबडी मेल्यावर व्हतं. सत्यानाशच लिव.”

दोघं बांधावर बसले होते. कालच्या वळवाने केशर आंब्याच्या ऐंशी कलमांतली एकतीस आडवी केली होती. पाच वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं, आणि पहिल्याच बहराच्या कैऱ्या चिखलात. अजून अर्धा मे बाकी होता. असे एक-दोन वळीव आणखी आले, की उरलेलीही जाणार होती. पलीकडे भिमाजीची बायको साळुबाई एका कललेल्या कलमाला बांबूचा टेकू देऊन जुन्या लुगड्याची चिंधी आवळत होती.

“पुढं लिव. पाच वर्सांमागं आषाढात तुमच्या शेतकी खात्याचा सायेब आला. मधोमध हुबा ऱ्हायला. रुमाल काढून वर धरला. रुमाल उगवतीला फडफडला. सायेब म्हनला, वारं मावळतीचं हाये, मावळतीला सुरूच्या दोन रांगा लावा. आन् उगवतीच्या बांधावरची शेवरी काढून टाका, ती कलमांचं पानी खाती. आमी शब्द पाळला.”

सावळेराम लिहीत गेला. मग मान वर करून मावळतीला बघू लागला.

“सुरू न्हाई पडलं?”

“एक फांदी मोडली न्हाई राव. पडलं आस्तं तर निदान कळलं आस्तं.”

भिमाजी उठला आणि दोन ओळींच्या मधून चालत गेला. काय कळलं असतं, ते त्यालाही सांगता येईना. सुरूची भिंत तालमीतल्या पैलवानासारखी उभी होती आणि तिच्या आडोशाची झाडं लोळत होती. एक कलम त्याने हाताने उचलून पाहिलं. मुळं एका अंगाने उपटली होती. शेंडा मावळतीला. दुसऱ्याचा शेंडा मावळतीला. तिसऱ्याचाही. साहेब खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी वारा मावळतीचाच होता, रुमाल त्याने स्वतः पाहिला होता. मग चुकलं कोण? तो पुन्हा बांधाकडे आला, बसला, परत उठला.

“आन् कालचा वळीव कुठनं आला, लिवू का?” सावळेरामने विचारलं.

“उगवतीकडनं. वळीव आनि कुठनं येतो? शेंबडं पोर सांगंल.”

बोलला आणि त्याने पुन्हा मावळतीला पडलेल्या शेंड्यांकडे पाहिलं.

सावळेराम हसला. “शेंबड्या पोराचं ऱ्हाऊ द्या. खळ्यावर उफणायची तिवई कुठं मांडायची, ते आख्खं गाव तुमाला इचारतं. मागल्या साली माझी बाजरी तुमी सांगितलं म्हून दुपारपत्तूर खोळंबून ठिवली, आन् बरुबर दुपारी वारं फिरलं. आन् सायबाला ठावं न्हाई व्हय? रुमाल घिऊन फिरतो, येडं.”

भिमाजी हसला नाही. उगवतीच्या बांधावर, वळवाच्या वाटेवरच, शेवरीची बुडखी अजून दिसत होती, कोयत्याच्या तिरक्या घावाची. तो कोयता त्याचाच. साळुबाईने निमगाव सावाहून, माहेराहून, पदराच्या गाठीत बी आणलं होतं. तोडताना ती शेळीचं दावं धरून बाजूला उभी होती.

“लिव,” तो म्हणाला. “आमाला पंधरा दिसांत उत्तर पायजे. तुमी आमाला इचारलं का न्हाई? येकदा तरी इचारायचं व्हतं.”

“इचारलं व्हतं की,” साळुबाई म्हणाली.

दोघांनी मान वळवली. तिने चिंधीची गाठ मारली, बांबू हलवून बघितला आणि चिखलाचे हात लुगड्याला पुसले.

“रुमाल खाली घेतल्याव सायेब तुमाला म्हनला, का वं, बरुबर हाये ना? मी च्याचा कप घिऊन हुबी व्हते. तुमी म्हनला, व्हय सायेब.”

सावळेरामचं पेन कागदावर थांबलं.

“लिवा, सावळेरामभावजी, पंधरा दिसांत उत्तर द्या म्हून लिवा,” ती म्हणाली आणि भिमाजीच्या समोर येऊन उभी राहिली. “माझं मातर आत्ता द्या. गावाला वारं सांगनारा मानूस त्या दिशी का बोलला न्हाई?”