नानांसाठी पाहिलेला इजिप्त

मिरजेला नाना वारले तेव्हा त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई जर्सी सिटीत मुलाच्या घरी तीन महिन्यांच्या नातीला तेल लावत बसल्या होत्या. फोन मुलाने, संजीवने, घेतला. पलीकडून त्याचा चुलतभाऊ विक्रम ओरडून बोलत होता, कारण त्या काळी इंडियाच्या लाइनवर ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नसे. संजीव मात्र आईला कळू नये म्हणून रिसीव्हरला तोंड लावून हळू बोलला. काकूंसाठी थांबायचं का, असं विक्रमने विचारलं. संजीव पडला इंजिनिअर. तिकीट, विमान, मुंबईहून मिरज असा सगळा हिशेब त्याने मनातल्या मनात मांडला आणि म्हणाला, "थांबू नका. उरकून घ्या."

बापाला उरकून घ्या! सुमेधाने, त्याच्या बायकोने, स्वयंपाकघरातून तो शब्द ऐकला आणि तिच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. "काय गं फुटलं?" सासूबाईंनी आतून विचारलं. "काही नाही आई," ती म्हणाली. खोटं बोलायला तिथपासून सुरुवात झाली.

संजीवचं म्हणणं असं, की आईला ब्लडप्रेशर आहे. आत्ता सांगितलं तर ती एकटी विमानात बसून एवढा लांबचा प्रवास रडत करणार, आणि पोचेपर्यंत बघायला काही उरणारही नाही. त्यापेक्षा ठरल्या तारखेला ती जाईल, तिकडे तिच्या बहिणी असतील, त्या सांभाळतील. "इट्स फॉर हर ओन गुड, सुमेधा." ऐकायला सगळं रीतसर होतं. शहाण्या माणसाला मूर्खपणा करायचा असला की तो आधी कारणं गोळा करतो.

आणि सुमेधाने मिठाची गुळणी धरली. तिला आई नव्हती, म्हणून तिच्या बाळंतपणाला ही सासू सातासमुद्रापार आली होती. नानांच्या हृदयाचं दुखणं जुनं, डॉक्टरांनी त्यांना विमानाला सक्त मनाई केलेली, तरी त्यांना एकटं ठेवून आली होती. त्याच बाईने मग सुतकाच्या घरात नवरात्राचे घट बसवले. दसऱ्याला श्रीखंड केलं, आणि मुलाच्या पानात आग्रहाने वाढलं. संजीवने मान खाली घालून ते खाल्लं. रविवारी नानांना फोन लाव म्हटलं, की तो दोनचार आकडे फिरवून "लाइन मिळत नाही गं" म्हणायचा. तिकडे विक्रमने दहावं केलं, तेरावं केलं. इकडे पद्मिनीबाई रोज आंघोळ करून ठसठशीत कुंकू लावत होत्या आणि सुमेधाला ते बघवत नव्हतं.

म्युझियमचा विषय त्यांनीच काढला. नानांनी मिरजेच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला होता. दरवर्षी फळ्यावर खडूने पिरॅमिड काढायचे, आत राजा कुठे झोपवला ते बाणाने दाखवायचे, आणि स्वतः कधी हंपीच्या पलीकडे गेले नव्हते. बायको निघाली तेव्हा म्हणाले होते, न्यूयॉर्कला इजिप्तचं पुष्कळ काही आणून ठेवलंय म्हणतात, माझ्या वाटचं बघून ये. नुसतं 'छान होतं' म्हणशील तर चालायचं नाही.

"ते पहिला प्रश्न तोच विचारतील," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तिथे नेल्याशिवाय तू मला विमानात बसवू नकोस, संजीव."

संजीवने दोन शनिवार ढकलले. तिसऱ्याला इलाज चालला नाही.

निघताना दारातच एक प्रकार झाला. त्या वर्षी जर्सी सिटीत साडी-कुंकू दिसलं की मागे लागणारी पोरांची टोळकी फिरत होती, मारहाणही झाली होती. संजीव म्हणाला, "आई, ट्रेनपर्यंत तरी कुंकू पुसून चल ना. सेफ नाहीये."

"नवरा जिवंत असताना कुंकू पुसू?" पद्मिनीबाई फटकन म्हणाल्या. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मारतील तर मारतील मेले."

संजीव बाबागाडीचा पट्टा आवळायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. सुमेधाला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर रागही आला.

म्युझियममध्ये शिरल्यावर बाळ किरकिरायला लागलं. "मी हिला फिरवतो, तुम्ही बघून घ्या," म्हणत संजीव सटकला. बाळाची अशी सबब त्याला हल्ली बरी सापडायची.

सासू-सुना दोघीच आत गेल्या. काचेच्या मोठ्या दालनात आख्खं दगडी देऊळ आणून उभं केलं होतं. पद्मिनीबाईंनी साडीखालचे कॅन्व्हासचे बूट काढायला घेतले, तेव्हा सुमेधाने त्यांना थांबवलं. "आत देव नाहीये आई."

"नसू दे. नमस्कार काही वाया जात नाही," म्हणत त्यांनी बूट घालूनच हात जोडले.

मग त्यांनी प्रत्येक पाटी सुमेधाला वाचायला लावली. त्यांना घाई नव्हती. मेलेल्या माणसापुढे कोरलेल्या भाकऱ्या, कांदे, बदकं बघून त्या म्हणाल्या, "बघ, आपल्यासारखंच पान वाढायचे की." मधूनच डोळे मिटून त्या ओठ हलवायच्या, परीक्षेला निघालेल्या मुलीने धडा घोकावा तशा. नवऱ्याला सांगायचं, म्हणून त्या पाठ करत होत्या. सुमेधा पुढची पाटी वाचायची.

शेवटच्या अंधाऱ्या खोलीत एका काचेखाली उघड्या तोंडाचा माणूस होता. वाळलेला, काळा, पण माणूसच. पापण्या होत्या, दात होते, कानामागे केसही होते. एक अमेरिकन कुटुंब त्याच्याकडे बोटं दाखवून हसत होतं. ते निघून गेल्यावर पद्मिनीबाई जवळ गेल्या.

"काय लिहिलंय?"

"कुणी कारकून होता राजाच्या पदरी. मेल्यावर लगेच पुरत नसत. मसाले लावून, गुंडाळून सगळं करायला सत्तर दिवस लागायचे."

"सत्तर दिवस!" पद्मिनीबाईंना ते फार आवडलं. "म्हणजे लांबची माणसं येऊन पोचत असतील. शहाणे होते गं. आपल्याकडे सकाळी गेला की दुपारी राख." काचेखालच्या चेहऱ्याकडे त्या बघत राहिल्या. मग सुनेचा हात धरून हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुमेधा, एक सांगून ठेवते. यांचं काही खरं नाही. मी इथे असताना बरंवाईट झालं, तर संजीव मला सांगायचा नाही. लहानपणापासून असाच आहे, वाईट सांगायचं झालं की पळतो. पण तू सांग. आणि विक्रमला कळव, कितीही बर्फ लागू दे, मी येईपर्यंत ठेवा म्हणावं. चाळीस वर्षं ज्याचं तोंड बघितलं, त्याचं शेवटचं तोंड मला दिसलं पाहिजे. कळवशील ना?"

'हो आई' एवढंच म्हणायचं होतं. इतके दिवस तिने याहून मोठी खोटी पचवली होती. पण हे एक तोंडातून फुटेना.

"सुमेधा?"

सुमेधाने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिथेच सगळं संपलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

"कधी?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"नवरात्राच्या आधी."

"घट बसवले मी." त्या स्वतःशीच बोलल्या. "श्रीखंड केलं." मग, "अग्नी कुणी दिला?"

"विक्रमने. तो थांबायला तयार होता आई. यांनीच नको म्हटलं. मी ऐकलं होतं, आणि मी गप्प बसले." सुमेधा रडायला लागली. पद्मिनीबाईंच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

तेवढ्यात बाबागाडी ढकलत संजीव दारात आला. "झालं का बघून? आई, ममीबरोबर फोटो काढू या?" असं म्हणता म्हणता त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"ये," पद्मिनीबाई म्हणाल्या. "कोण कुठला हा मेलेला, त्याचं तोंड दाखवायला मला तिकीट काढून आणलंस. आणि माझ्या माणसाचं तोंड?"

"आई, तुला त्रास होईल म्हणून..."

"तो त्रास माझा होता रे. तो तू कसा घेतलास?"

आणि मग त्यांनी हंबरडा फोडला. काचेच्या पेटीला पाठ लावून त्या खाली बसल्या आणि नानांना नाव घेऊन हाका मारू लागल्या. जन्मात कधी त्यांनी नवऱ्याचं नाव असं मोठ्याने घेतलं नव्हतं. बाळ दचकून रडू लागलं. लोक दाराशी थबकले. "आई, प्लीज, इथे नको, घरी जाऊ या," संजीव वाकून कुजबुजत होता आणि चारी बाजूंना बघत होता. सुमेधाने त्याचा हात बाजूला सारला, सासूला कुशीत घेतलं, आणि तीही जमिनीवर बसली.

पिकल्या केसांचा एक गार्ड घाईने आला. "शी इज नॉट फीलिंग वेल," संजीवने सांगून टाकलं.

"हर हजबंड डाइड," सुमेधा खालूनच म्हणाली.

गार्डने टोपी काढली. दाराशी गर्दी होती ती त्याने हाताने मागे हटवली. मग तो गुडघ्यावर टेकला आणि हळूच विचारलं, "आय ॲम सो सॉरी, मॅम. व्हेन?"

संजीवने तोंड उघडलं. तो काय तारीख सांगतो याची सुमेधाने वाट पाहिली नाही.

"टुडे," ती म्हणाली. "जस्ट नाऊ."