डबी हलली की संपलं

आमच्या बार्न्सलीच्या कॉम्प्युटर क्लबात बाईमाणूस म्हणजे मी एकटी, म्हणून चहा कायमचा माझ्या गळ्यात. शेवटी वैतागून मी सेक्रेटरी ओग्डेनना ठणकावलं, की शनिवारच्या कॉम्प्युटर-खेळांच्या स्पर्धेत माझ्यात आणि क्लिफर्डमध्ये ज्याचा खेळ आधी बंद पडेल, तो यापुढे चहा करील. क्लिफर्ड फिदीफिदी हसला. "थेल्मा, कडक करत जा हं," म्हणाला.

त्याच्या हसण्याला कारण होतं. आमच्या सगळ्यांकडच्या छोट्या काळ्या कॉम्प्युटरची मेमरी चिमणीच्या पोटाएवढी. ती वाढवायची तर मागे एक डबी खोचायची, आणि मेली ती डबी जरा हलली की पडदा पांढरा, तासन्‌तास टाइप केलेलं सगळं स्वाहा. म्हणून सगळे डबीला पोस्टर चिकटवायची निळी माती थापतात आणि टेबलाजवळ दबकत चालतात. क्लिफर्ड तेवढा मुद्दाम टेबलाला मांडी घासून जातो. माझे कितीतरी खेळ त्यानं असेच घालवले होते, आणि वर "सॉरी हं!"

या वेळी मी मशीनच उघडलं. जुन्या चिपांच्या पाठीवर नव्या चिपा बसवल्या, पायाला पाय जुळवून डाख लावला, एकेक पाय तेवढा वर वाकवून वेगळ्या तारेनं जोडला. बोट भाजलं, शिव्या घातल्या, पण मेमरी आतल्या आत वाढली. मग जुनी डबी पोकळ करून मागे नुसती शोभेला लावली. क्लिफर्डला धक्का मारायला काहीतरी नको का?

शनिवारी दोघांची मशिनं एकाच लांब टेबलावर. चहा माझ्याकडे, तेव्हा किटली कुठं ठेवायची तेही मीच ठरवणार. वाफाळती किटली मी क्लिफर्डच्या डबीला खेटून ठेवली. त्याची माती मऊ पडत चालली, पण त्याचं सगळं लक्ष माझ्या डबीवर. अखेर तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि उठताना खांद्यानं टेबल असं हाणलं की कप नाचले.

माझ्या पडद्यावरचं जहाज आपलं चालतच राहिलं. त्याचा पडदा पांढराफटक.

क्लिफर्डनं चिडून माझी डबी उपटली. डबी हातात रिकामी, आणि जहाज तरी चालूच. अख्खा हॉल खो खो हसला. त्याचं तोंड इतकं उतरलं की मला वाईट वाटलं. क्षणभरच.

"आत काय केलंयस गं?" तो हळूच म्हणाला. "मलाही शिकव की."

"शिकवते ना," मी खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "दूध जास्त, साखर दोन चमचे."