भुंग्याची जागा

वरच्या मजल्यावरची शेजारीण तिच्या मुलीला कडेवर घेऊन आली की माझी नजर आधी त्या मुलीच्या पायांकडे जायची. तिची मुलगी आठव्या महिन्यात पलंगाला धरून उभी राहत होती आणि माझा मुलगा दोन उशांच्या मध्ये बसवला तरी पोत्यासारखा कलंडत होता.

"केवढा झाला हो?" तिने विचारलं.

"सातवा संपेल आता," मी म्हणाले. खरं तर नववा संपत आला होता.

तिचा चेहरा एकदम निवळला. "मग काय, बसेल की हळूहळू." मलाही बरं वाटलं. ती जिना चढून जाईपर्यंत मी हसत उभी होते.

दार लावून वळले तर खिडकीजवळच्या पलंगावरून आजी म्हणाली, "दोन महिने कुठे टाकलेस?"

"अगं आजी, सहज बोलले. लोक दहा-दहा वर्षं गिळून ढेकर देत नाहीत, मी आपले दोन महिने."

"स्वतःची गिळ की. केस रंगव, गुडघे दुखले तरी उड्या मार. लेकराच्या वयातून काही काढायचं नाही. काढलेलं परत घालता येत नाही."

तिच्या आवाजाला अशी काही धार होती की मी बाळाला उचलून घेतलं. कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन चालू होतं, तेही थांबलं. "आई, पाणी देऊ का तुला?" आईने विचारलं. आजीने हातानेच नको म्हटलं. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं.

नवऱ्याची बदली झाली होती आणि तिकडे घर मिळेपर्यंत मी बाळाला घेऊन माहेरी राहिले होते. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आईचं मशीन, शाळेच्या गणवेशांचे ढीग, खडूची भुकटी आणि आजीचा पलंग. आजी पलंगावरून उठत नव्हती, पण तिचं डोकं शाबूत होतं. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात काहीतरी दुरुस्त करत फिरायचे. "माझं ऐक, मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे," हा त्यांचा लाडका विनोद. नळ गळत असला तरी, भाजी खारट झाली तरी, हाच विनोद. आई दर वेळी हसायची. दर दुसऱ्या रविवारी ती न्हाणीचं दार लावून केस काळे करायची, आणि त्यात कधी खंड पडलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गणवेश पोचवायला गेली, बाबा बाजारात गेले. मी आजीच्या पायथ्याशी बसून बाळाला पाजत होते. दूध पिताना तो गुणगुणतो. नाकातून, एका सुरात, पोट भरत आलं की जास्तच.

आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, "भुंगा असाच करायचा."

"कोण भुंगा?"

"तुझ्या आईच्या पाठचा."

"आईच्या पाठचा तर मामा ना?"

"मामा नंतरचा. मधे भुंगा होता. वर्ष-दीड वर्षाचा होऊन गेला. ताप आला आणि गेला. मग मामा झाला."

माझ्या जन्मात मी हे ऐकलं नव्हतं. मामाला जाऊन काही वर्षं झाली होती, आजोबांना त्याहून जास्त. मी विचारलं, "मग कुणी कधी बोललं कसं नाही?"

"त्याला जागा नव्हती ग," आजी म्हणाली. आणि छताकडे बघत सांगू लागली.

"तुझ्या आईला बघायला आले तेव्हा ती सव्वीसची होती. आधीची दोन स्थळं वयावरूनच परत गेलेली. तुझे बाबा चोवीसचे. तिने पडद्याआडून पाहिलं आणि आत येऊन माझा हात धरला. म्हणाली, आई, काहीतरी कर. आता मी काय करणार? बाहेर जाऊन बावीस सांगितलं. दिसायची लहानखुरी, खपून गेलं. दाखले कोण मागतंय, मुलगी आवडली होती त्यांना. मग मुलाच्या आईने विचारलं, भावंडं किती? तुझा मामा समोरच बसलेला, वीस वर्षांचा, मिशा फुटलेला. त्याचं वय कसं लपवू? म्हणाले, हिच्या पाठोपाठ हा. ती म्हणाली, मधे कोणी? मी म्हणाले, मधे कोणी नाही."

बाळाचं गुणगुणणं थांबलं होतं. तो झोपला होता.

"मुलीची चार वर्षं काढायला गेले," आजी म्हणाली, "आणि भुंगा त्यातच गेला. बावीस आणि वीसच्या मधे त्याला बसवू कुठे? मंडळी गेल्यावर ध्यानात आलं माझ्या. पेढा तोंडात होता. तो तसाच धरून ठेवला."

त्या दिवसापासून जणू बांध फुटला. बाळ गुणगुणलं की आजी खुशाल मोठ्याने म्हणायची, "बघा, भुंगा आला." बाबा घरातच असायचे. एकदा हातातला पाना तसाच धरून त्यांनी विचारलं, "हा भुंगा कोण म्हणायचा?"

आई कापड कापत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणी नाही हो. भ्रम होतोय तिला. वय झालं."

"माझ्या पाठी एक भाऊ होता म्हणून सांग की त्यांना," आजी म्हणाली. जरा गोंधळली, मग सुधारलं. "माझ्या नाही, तुझ्या."

त्या एका गोंधळाने आईचं काम सोपं झालं. डॉक्टर आले. आईने त्यांना दारातच गाठून सांगितलं की नसलेली माणसं दिसतात तिला. ते समजुतीने मान हलवत आत आले, आजीला आजचा वार विचारला, तिने बरोबर सांगितला, तरीही त्यांनी गोळी लिहून दिली. गोळी घेतली की आजी भिंतीकडे तोंड करून पडायची. बाळ गुणगुणो की रडो.

त्याआधी आणखी एक झालं होतं. बाबा खाली गेले असताना आई पलंगाशी जाऊन बसली होती आणि दबक्या आवाजात म्हणाली होती, "आई, माझा संसार मोडायचाय का ग तुला या वयात?" आजी तिच्याकडे बघत राहिली होती. नंतर तिने भुंग्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. गोळीची खरं म्हणजे गरजच नव्हती.

मला राहवेना. आई कापडावर खडूने रेघा मारत होती, मी समोर जाऊन बसले.

"तू आजीला वेडी ठरवतेयस."

"तुला सांगितलं वाटतं तिने."

"मग सांगून टाक ना बाबांना. काय करणार आहेत ते? हाकलून देणार आहेत?"

आईने खडू खाली ठेवला. "तुला नाही कळायचं. ते रागावले ना, की खोलीत दोन फेऱ्या मारतात आणि म्हणतात, जाऊ दे, ती लहान आहे. त्यांची आई मला घालून पाडून बोलायची तेव्हाही हेच. जाऊ दे आई, लहान आहे ती. माझा सगळा संसार या एका वाक्यावर झालाय. ते आता काढून घेऊ त्यांच्याकडून?"

खडू पुन्हा उचलून ती म्हणाली, "आठवतो मला तो. माझ्या मांडीवर द्यायची आई. जड होता, धप्पकन् बसायचा. शेवटी शेवटी अंग चटके बसावेत इतकं गरम. एवढंच आठवतं. तोंड आठवत नाही. किती प्रयत्न करते, तोंड येत नाही डोळ्यांपुढे."

त्या संध्याकाळी तिने गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवार आला. आईने केस रंगवायची वाटी काढली नाही. सकाळचं ऊन पलंगावर आलं होतं आणि बाबा आजीची नखं काढत होते. ते काम ते दर रविवारी स्वतःहून करतात, एकेक बोट हातात घेऊन, जपून. आई स्वयंपाकघरातून आली आणि ओले हात पदराला न पुसताच उभी राहिली.

"अहो, आई खरं बोलत होती. भुंगा होता. माझ्या पाठचा भाऊ. तुम्हाला तेव्हा माझं वय चोरून सांगितलं. मी दोन वर्षांनी लहान नाही, दोन वर्षांनी मोठी आहे तुमच्यापेक्षा."

बाबांच्या हातात आजीची करंगळी होती. ती त्यांनी सोडली नाही. मला वाटलं, आता उठतील, फेऱ्या मारतील. पण ते बसूनच राहिले, आणि मग अगदी हळू म्हणाले, "केवढा होता ग?"

आईने हाताने दाखवलं, एवढा.

"आणि नाव काय त्याचं?"

"भुंगा."

"ते लाडाचं झालं. खरं नाव?"

आई थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मला लिहिता येत नाही. ती चार वर्षांची होती तेव्हा. तिच्यापुरता तो भुंगाच होता, आणि नंतर कुणी बोललंच नाही. ती पलंगाशी गेली, वाकली.

"आई, भुंग्याचं नाव काय ठेवलं होतं ग?"

आजीने आधी बाबांकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला, पांघरूण सारखं केलं, आणि मी कधी ऐकला नव्हता अशा जपून, पाहुण्यांसमोरच्या आवाजात म्हणाली, "नाही हो जावईबापू. ही काहीतरीच बोलते. मुलगी बावीस पूर्ण. तिच्या पाठोपाठ हा मुलगा. मधे कोणी नाही."

"आई, त्यांना सांगितलंय मी सगळं. ते रागावले नाहीत. बघ ना, इथेच बसलेत."

"मधे कोणी नाही."

"आई, मी सांगतो," बाबा म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. वय गेलं उडत. नाव तेवढं सांगा."

"खोटं कशाला बोलेन? मधे कोणी नाही."

बाबा उठून गॅलरीत गेले, बहुधा डोळे पुसायला. ते गेलेले बघून आजीने आईला खुणेने जवळ बोलावलं. तिचा चेहरा उजळला होता, नवस फेडून आल्यासारखा.

"बरोबर बोलले ना ग मी?" तिने कुजबुजत विचारलं. "कळलं नाही ना त्यांना?"

"आई, आता आपण दोघीच आहोत. मला सांग. माझ्या कानात सांग."

आजीने तिच्या गालावरून हात फिरवला. "नको ग बाई. तुझा संसार आहे."

त्यानंतर आई रोज दुपारी मशीन बंद करून तिच्या उशाशी बसायची. त्या काळी मुलांना ठेवत ती सगळी नावं एकेक करून विचारायची. हे होतं का? मग हे? बाबाही मधूनच आतून एखादं नाव सुचवायचे. आजी प्रत्येक नावाला मान हलवायची. नाही. हेही नाही. बाळ गुणगुणायला लागलं की ती तोंड भिंतीकडे फिरवून घ्यायची, आता गोळीशिवायच.

शेवटपर्यंत तिने आपल्या लेकीचं घर मोडू दिलं नाही.