बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा

गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा कॅरिसानं ओढून बाहेर काढला आणि तिचं डोकंच फिरलं. पुन्हा डाग. या वेळी तपकिरी, चांगला भाकरीएवढा. आधी हिरवा होता, तेव्हा टर्बोला जाणारी पाण्याची नळी बदलली. मग टर्बोमधून तेल परत आणणाऱ्या पाइपाचं पॅकिंग बदललं. ते कोरडं झालं तर इंजिनाच्या वरच्या झाकणातून तेल पाझरायला लागलं. ते बदललं, तर आता खालून. एक भोक बुजवावं आणि शेजारी दुसरं पडावं, असं महिनाभर चाललं होतं.

गाडी तशी साधी, जुनी, छोटी. पण तिच्यात मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा, कॅरिसानं स्वतःच्या हातांनी बसवला होता, अमेरिकेतल्या टोलेडोच्या या गॅरेजात, आख्खा हिवाळा शेगडीशेजारी कुडकुडत. रविवारी हंगामातली शेवटची शर्यत. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शंकू मांडतात, त्यांच्यामधून सर्वांत कमी वेळात जो जाईल तो पहिला. कॅरिसा तिच्या गटात सगळ्यांच्या पुढे होती. पण गळकी गाडी आत घेत नाहीत. तेलाचा एक थेंब दिसला की परत घरी.

आणि तेल आपोआप गळत नव्हतं, याबद्दल तिची आता खात्री पटत चालली होती.

संशय सासऱ्यावर. बर्नार्ड पावलाक, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेले मासे खाणारा आणि उरलेले सहा दिवस सुनेच्या गाडीला नावं ठेवणारा. घर त्याचंच. नवरा लिओन सरोवरातल्या मालवाहू बोटीवर, आठवडेच्या आठवडे पाण्यात. घरात ही दोघंच.

"एवढ्या जोरात जाऊन पोचायचं कुठं असतं गं तुला?" तो विचारायचा. "फिरून फिरून त्याच जागेवर तर येतेस!"

"पॉप, तुम्ही गोल्फचा चेंडू बघता ना टीव्हीवर? तो तरी कुठं पोचतो?"

"भोकात पोचतो. तुझी गाडी नुसती भोकं पाडून घेते."

इथवर ठीक. पण मागच्या शुक्रवारी चर्चमध्ये मासे खाताना तो मित्राला सांगत होता, ते तिनं मागून ऐकलं. "ते डबडं एक दिवस मीच भंगारात घालणार आहे. पोरीला मारून टाकेल ते." तिला पाहिल्यावर तो कोबीच्या कोशिंबिरीत काटा फिरवायला लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं.

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. एरवी खिळ्याला टांगलेला असायचा तो लांब दांड्याचा पाना खणात सापडला. शर्यतीच्या एका रविवारी सकाळी ती उठून गॅरेजात गेली तर दिव्याची काच कोमट होती आणि हवेत त्याच्या पाइपच्या तंबाखूचा गोडसर वास. बर्नार्ड स्वयंपाकघरात अंडी तळत बसलेला, जसं काही रात्रभर तिथंच होता.

"गॅरेजात गेला होता का पॉप?"

"मी? कशाला? मला तेलाचा वास सहन होत नाही."

चाळीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस हे म्हणतोय! कॅरिसानं कचाकचा टोस्ट खाल्ला. बोल्ट थोडा सैल करायला कितीसा वेळ लागतो? एक थेंब पुरे. गाडी आत जाणार नाही, सून घरी बसेल, म्हातारा जिंकला.

गुरुवारी कामावरून येताना तिनं पिवळ्या रंगाचं पेन आणलं. गाडीखाली सरपटत गेली आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत एक सरळ रेघ ओढली. बोल्ट केसाएवढा जरी फिरला तरी रेघ मोडणार. बाहेर आली तर बर्नार्ड बादली न्यायला दारात उभा. त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

"रेघा कशाला?"

"असंच. कोण काय फिरवतंय ते कळावं म्हणून."

"हं," तो म्हणाला. "आमच्या कारखान्यात अशा रेघा नव्या पोरांच्या कामावर मारायचे. माझ्या कामावर कधी मारली नाही कुणी." बादली तिथंच ठेवून तो निघून गेला.

शुक्रवारी सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीला उशीर होत होता, खाली शिरून रेघा पाहायला सवड नव्हती. सवड नव्हती पण तोंड होतं. रस्त्यातूनच तिनं लिओनला फोन लावला आणि महिनाभराचं सगळं ओकून टाकलं.

"अगं, पॉप असं कसं करतील?" लिओन म्हणत होता. पाठीमागे बोटीचं इंजिन घरघरत होतं.

"मग तेल काय देवानं ओतलं? तुझे वडील माझी गाडी खराब करतायत, लिओन. तू विचार त्यांना. मी विचारलं तर अंडी तळत बसतात."

लिओननं विचारलं. मुलगे असले प्रश्न हळू विचारतात, पण प्रश्न तोच राहतो. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर गॅरेजची एक किल्ली होती आणि समोर बर्नार्ड.

"ही माझी. ठेव तुझ्याकडे. दाराला कुलूप लावत जा, म्हणजे मग तुझ्या जिवाला घोर नको."

"पॉप, मी तसं नाही..."

"तसंच म्हणालीस. माझा मुलगा मला खोटं सांगत नाही." तो उठला. तिच्यासाठी पिरोग्यांची, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची ताटली झाकून ठेवलेली होती, त्या ताटलीकडे बोट दाखवून तो आपल्या खोलीत गेला.

किल्ली तिनं जाकिटात टाकली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण संशय एकदा पोटात शिरला की चांगुलपणासुद्धा त्याला नाटक वाटतो.

शनिवारी तिनं गाडी उचलून टेकूंवर ठेवली, पुढची चाकं काढली आणि दिवा घेऊन खाली शिरली. पहिली रेघ शाबूत. दुसरी शाबूत. सगळ्या शाबूत. एकही बोल्ट तसूभर हलला नव्हता, आणि तरी त्यांच्यामधून तेल डोकावत होतं. कुणीही काहीही केलं नव्हतं.

ती इंजिन चालू करून उभी राहिली आणि तेल मोजायची सळी वर ओढली. फुस्स! सळीच्या भोकातून धुराचा झोत तिच्या तोंडावर आला. इंजिन आतून फुगलं होतं. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी वाफ आतच कोंडत होती आणि जिथं फट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलत होती. मग शिट्टी कुणी बंद केली? तिनंच. इंजिनाला श्वास घ्यायला एक नळी असते. तिचा वास गाडीत येतो आणि वर ती दिसतेही गबाळी, म्हणून महिन्यापूर्वी तिनं नळी काढून तिथं चकचकीत निळं बूच ठोकलं होतं. त्याचे फोटोही काढले होते. सगळ्यांनी वाहवा केली होती.

बूच निघालं, नळी परत लागली, पॅकिंगं पुन्हा बदलली. तासभर इंजिन चालवलं. पुठ्ठा कोरडा! ती गॅरेजात एकटीच नाचली. चाकं चढवली, नट हातानं फिरवून बसवले, गाडी खाली उतरवली आणि पुन्हा एकदा वाकून पुठ्ठा पाहिला. कोरडा. परत पाहिला. कोरडाच.

बर्नार्डच्या दाराखालून टीव्हीचा उजेड येत होता. तिनं दारावर टकटक करायला हात उचलला. काय म्हणायचं? माझंच बूच होतं पॉप, तुम्ही नव्हता. तिनं हात खाली घेतला. उद्या जिंकून येते आणि मग सांगते, तेव्हा सोपं जाईल, असं ठरवून ती झोपायला गेली. आणि हो, गॅरेजला कुलूप लावून गेली. कालपासूनची सवय.

विमानतळावर तपासणीला ग्लेंडा होती, पांढऱ्या केसांची, कडक. ती गाडीखाली टॉर्च घेऊन आडवी झाली.

"कोरडी खडखडीत. शाब्बास गं!" ती म्हणाली आणि पुढच्या डाव्या चाकाला दोन्ही हातांनी धरून तिनं हिसका दिला. खटक. चाक हललं. ग्लेंडानं एक नट दोन बोटांत धरला आणि तो बाटलीच्या झाकणासारखा फिरवला.

"कॅरिसा, तू अशी आलीस? मोठ्या रस्त्यानं?"

कॅरिसा वाकून त्या नटाकडे पाहायला लागली. नट हातानं बसवायचे आणि चाक जमिनीला टेकलं की लांब पान्यानं शेवटचं कसायचं. तेवढंच राहून गेलं होतं. सगळं लक्ष पुठ्ठ्यावर.

"मला पटत नाही," ग्लेंडा म्हणाली. "सबंध हंगामात तुझ्याइतके नीट कसलेले नट मी कुणाचे पाहिले नाहीत. मी इतरांना तुझं नाव सांगते!"

मागच्या शर्यतीआधी कसले होते का? कॅरिसानं आठवून पाहिलं. त्याच्या आधी? झाकणाचं पॅकिंग आठवलं, पाइप आठवला, डागांचे रंग आठवले. महिनाभर दर शनिवारी चाकं निघाली होती. नट कसल्याचं एकदाही आठवेना. आठवला तो खणात सापडलेला पाना, रविवारची कोमट काच आणि पाइपचा वास.

ती फरशीवरच बसली. गाड्या ओरडत होत्या, कुणी तिचा नंबर पुकारत होतं. तिनं घरी फोन लावला.

"काय झालं?" बर्नार्डनं पहिल्याच घंटीला उचलला. "लागलं का तुला?"

"नाही पॉप. मी बरी आहे. पॉप, चाकाचे नट... सैल होते. तुम्ही दर रविवारी..."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"आज पण आलो होतो पोरी," तो म्हणाला. "दार लोटून पाहिलं. कुलूप होतं."