कवडी बेटाच्या कुलपापुढे

रविवार. सकाळचे सव्वाअकरा. कवडी बेटाची पूर्व बाजू. ओहोटी चालू, वारा बेताचा. पाचूबंदरची 'एलिना' ही शिडाची नौका चार प्रवाशांसह चिखलात आडवी. जखमी कोणी नाही. कालवणाचं पातेलंही शाबूत.

ती आडवी पडलेली एलिना म्हणजे मी. त्या दिवसाबद्दल बंदरावर आणि साहेबांच्या टेबलावर पुष्कळ बोललं गेलं. बोटीला कोणीच विचारलं नाही, म्हणून आता बोट बोलतेय.

माझा जन्म गोव्यातला, नदीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मी फायबरची आहे. लाकडाच्या बोटी यावरून मला अजून नाक मुरडतात. पण माझी डोलकाठी उंच आहे, शीड पांढरं आहे, आणि पोटाखाली शिशाचा एक जड पंखा खोल पाण्यात उतरलेला आहे. त्याला कील म्हणतात. वारा मला एका अंगावर झुकवतो तेव्हा हीच कील मला पुन्हा सरळ करते. पाणी खोल असेल तर. हे 'तर' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझे पहिले मालक मुंबईचे एक मोठे बिल्डर. त्यांनी माझं शीड एकदाच उघडलं, तेही फोटोसाठी. बाकी सगळा काळ मी बंदरात बांधलेली. संध्याकाळी माणसं यायची, बर्फ यायचा, गाणी लागायची, आणि समुद्राकडे पाठ करून सगळे एकमेकांचे फोटो काढायचे. माणसं समुद्रावर येतात आणि समुद्र सोडून सगळं बघतात, हे मी तिथे शिकले. मग त्यांना नवी बोट हवीशी झाली आणि मी एका कोपऱ्यात शेवाळ धरत बसले.

तिथून मला सोडवलं ऑगस्टीनने. पाचूबंदरचा हा माणूस, बापाच्या मासेमारीच्या मचव्यावर वाढलेला, पुढे उभं आयुष्य परदेशी जहाजांवर काढून परत आलेला. जहाजावरून साठवलेलं सगळं त्याने माझ्यात घातलं. त्याची बायको मार्था मला पहिल्यांदा बघायला आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ऑगस्टीन, लोक रिटायर झाल्यावर घराला टाइल्स लावतात."

"टाइल्सवर वारा लागतो काय?" ऑगस्टीन म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी मार्था घासणी घेऊन आली आणि माझं शेवाळ काढायला बसली. नावही तिनेच दिलं, तिच्या आईचं. फादरांनी येऊन माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मासळीच्या पाट्यांशेजारून शेजारची धोंडूबाई उठून आली आणि तिने माझ्या नाकावर नारळ वाढवला. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "पोरगी गोरी हाय रे बाबा. पन हिला जालं कुठं बांधनार?"

"जालं नाय बांधायचं, धोंडूबाय. मानसं फिरवायची."

"मानसं? आनि ती परत आनून सोडायची? मंग धंदा कसला?"

सगळं बंदर हसलं. पण धंदा झाला. एका खेपेला चारच प्रवासी. शनिवारी भरतीला पाचूबंदरहून निघायचं, किनारा उजवीकडे मागे टाकत उत्तरेला शीड सोडायचं, रात्री एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा, रविवारी कवडी बेटावर उतरून जेवायचं आणि वाऱ्याबरोबर घरी. फुलपाड्याच्या फ्लॅटमधून, गिरीजच्या वाड्यांतून माणसं यायची. पहिला तासभर मोबाइल धरून बसायची. मग इंजिन बंद व्हायचं, शीड भरायचं, आणि नुसत्या पाण्याचा आवाज उरायचा. तेव्हा मोबाइल आपोआप खिशात जायचे. बिल्डरांच्या काळात असं कधी घडलं नव्हतं. मला हे काम आवडलं. मी त्यासाठीच बनलेली आहे.

आता कुलपाकडे येते.

प्रवासी नेण्याच्या परवानगीत एक अट आहे: प्रवासी फक्त मान्य जेट्टीवरच उतरवावेत. अट चांगली आहे, माझी तक्रार नाही. कवडी बेटावर मान्य जेट्टी एकच. नवी, सिमेंटची, थेट खोल पाण्यापर्यंत आलेली, माझ्या कीलसाठी मापून बांधल्यासारखी. पहिला हंगाम आम्ही तिथेच लागलो. दुसऱ्या हंगामात, त्या रविवारी, गेलो तर पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटक, वर टोकदार सळ्या, दोन्ही बाजूंना पाण्यावर आलेली जाळी, आणि मधोमध मुठीएवढं कुलूप. बाजूला फलक: 'नागरिकांच्या सोयीसाठी.'

त्या खेपेला माझ्यावर होते श्रीरंग आणि ज्ञानदा हे फुलपाड्याचं नवरा-बायको, आणि विरारच्या किंजल आणि नेहल या बहिणी. श्रीरंग मुंबईत विमा कंपनीत आहे आणि निघण्यापूर्वी त्याने इंटरनेटवर नौकानयनाचे सगळे व्हिडिओ बघितले होते. तो फाटकावर चढायला गेला. वर पोचलाही. मग पँट सळीत अडकली आणि टर्रकन आवाज आला.

"व्हिडिओत हे होतं का रे?" ज्ञानदाने खालून विचारलं.

"तू हसू नको आधी. मला उतरव."

"थांब, फोटो काढते. विम्याच्या क्लेमला लागेल."

श्रीरंग उतरला, कमरेला टॉवेल गुंडाळून बसला. मार्था नेहमीप्रमाणे बरोबर होती, तिचं कालवण तयार होतं, सकाळी तळलेले फुगे, म्हणजे मैद्याचे गोल पाव, डब्यात होते, किंजल-नेहलचे थेपले होते. बेट समोर होतं. उतरायला जागा नव्हती. ऑगस्टीन सुकाणूवर हात ठेवून उभा होता. मी त्याला ओळखते. पाहुण्याला दारातून परत पाठवणं त्याला जमत नाही.

आणि मग त्याने ती चूक केली. पाचूबंदरच्या माणसाशिवाय ती कोणाला सुचलीच नसती. त्याचे बाप-आजे काय करत? धक्का मोकळा नसेल तर सरळ मचवा चिखलावर घालत. पाणी उतरलं की मचवा कोंबडीसारखा आपल्या बुडावर बसतो. माणसं उतरतात, भरती आली की मचवा तरंगतो, माणसं निघतात. पिढ्यान् पिढ्या हेच. ऑगस्टीनच्या हातांनी विचारलं नाही, सुकाणू वळवलं.

"ऑगस्टीन," मार्था म्हणाली, "कुठे घालतोस?"

"चिखलावर. बसेल आरामात."

"कोन बसेल?"

"बोट."

"हिला बूड कुठाय? खाली पंखा हाय पंखा!"

ऑगस्टीनचं तोंड उघडं राहिलं. तोवर माझी कील चिखलात रुतली होती. इंजिन उलटं फिरवून पाहिलं, मी हलले नाही. पाणी उतरत होतं.

आडवं पडायला मला बराच वेळ लागला, हे सांगायला हवं. आधी चहाचे कप सरकले. मग थेपले. मग टॉवेलसकट श्रीरंग. किंजल ओरडली, "अंकल, बोट टेढी होतेय!"

"होऊ दे, पोरी. सावकास होतेय," ऑगस्टीन म्हणाला.

सूत्रं मार्थाने हाती घेतली. पातेलं छातीशी धरून ती म्हणाली, "गाद्या काढा सगल्या! जॅकेट काढा! हिच्या कुशीखाली घाला. हिला खरचटलं तर बघा!" चौघं गुडघाभर चिखलात उतरले आणि त्यांनी माझ्या डाव्या कुशीखाली गाद्या, उशा, जीवरक्षक जॅकेटं लावली. मी त्यांच्यावर अलगद टेकले. आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी अंथरूण घातलं. नेहलने माझ्या अंगावर हात फिरवला आणि म्हणाली, "सॉरी हां, एलिना." बिल्डरांनी मला कधी नावानेही हाक मारली नव्हती.

मग माझ्या सावलीत, चिखलात, जेवण झालं. ऑगस्टीन जेवेना. मार्थाने त्याच्या पानात वाढलं. "जेव. चूक करून उपाशी राहिलास तर चूक दोन होतील."

तेवढ्यात गस्तीची लाँच आली. लाँचवर एक साहेब. लाँच खोल पाण्यात थांबवून त्यांनी तिथूनच विचारलं, "प्रवासी इथे का उतरवले?"

"उतरवले कुठे?" मार्था ओरडली. "बोट स्वतःच उतरली!"

"मान्य जेट्टी आहे ना तिथे?"

"तिला कुलूप हाय!"

"आमच्या माहितीप्रमाणे जेट्टी सुरू आहे."

"ती बघा, दिसतेय इथून. चला, कुलूप दाखवते."

साहेबांनी जेट्टीकडे बघितलं नाही. पाण्याकडे बघितलं. "ओहोटी आहे," ते म्हणाले, "आमची लाँच अडकेल." आणि गेले.

दुपारी भरती आली. माझ्या सगळ्या झडपा घट्ट लावलेल्या होत्या. चौघांनी माझ्या डोलकाठीला बांधलेला दोर धरला, ऑगस्टीनने इशारा केला, पाण्याने मला कुशीतून उचललं आणि मी उभी राहिले. नेहल रडली, श्रीरंगने टॉवेल हवेत फिरवला आणि लगेच पुन्हा गुंडाळला. शीड भरून आम्ही घरी आलो. इतकी मजा कुठल्याच सहलीला आली नव्हती, असं चौघांनी बंदरावर सगळ्यांना सांगितलं. धोंडूबाई ऑगस्टीनला एवढंच म्हणाली, "गोऱ्या पोरीला चिखलात निजवलंस व्हय रे?" ते वाक्य त्याला अजून रोज कोणी ना कोणी ऐकवतं.

पुढच्या आठवड्यात माझी परवानगी स्थगित झाली. कारण: अमान्य ठिकाणी प्रवासी उतरवले. जेट्टी बंद होती हे सिद्ध करा, परवानगी परत मिळेल.

मार्था आणि ज्ञानदा जोडीने कार्यालयांत गेल्या. परत आल्यावर माझ्या पाठीवर बसून त्यांनी जे सांगितलं, तेच मी सांगते. ज्यांनी जेट्टी बांधली ते म्हणाले, आम्ही ती ताब्यात दिली. ज्यांना दिली ते म्हणाले, आमच्या ताब्यात आलेलीच नाही, मग कुलूप आमचं कसं? परवानगीवाले साहेब म्हणाले, तिथे कुलूपच नाही. ज्ञानदाने मोबाइलमधला फोटो पुढे केला. श्रीरंग सळीला लटकलेला, आणि त्याच्या पायाखाली कुलूप, स्पष्ट. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "हे कुलूप याच फाटकाचं, कशावरून?"

"नवरा माझाच आहे, हे तरी मानता ना?" ज्ञानदाने विचारलं. साहेबांनी पुढच्याला बोलावलं.

मला राग आला. बोटीला राग येत नाही असं समजू नका. समुद्राशी माझं भांडण नाही. तो भरती आणतो, ओहोटी आणतो, आणि दोन्ही वेळेवर आणतो. चिखलात रुतणं माफ आहे, वारा पडणं माफ आहे. पण लोकांच्या पैशाने, लोकांच्या सोयीसाठी बांधलेल्या जेट्टीला कुलूप घालायचं आणि ते दिसतच नाही म्हणायचं, हे मी माफ करणार नाही.

पावसाळ्यात मी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली टेकूवर होते. तेव्हा हायवेवरच्या एका रिसॉर्टचा माणूस मला बघून गेला. त्यांना मी हिरवळीवर हवी आहे. सिमेंटमध्ये रोवून. पोटात ज्यूसचा काउंटर, डोलकाठीवर लाइटच्या माळा. शीड नको म्हणाला, ते फडफडतं. ऑगस्टीनने नाही म्हटलं नाही. नाताळपर्यंत थांबा, म्हणाला. प्रवासी नाहीत तर मला पोसणार कशाने? तेव्हापासून तो माझ्यावर चढला की आधी माझ्या कडेवर हात ठेवतो आणि उगाच थोडा वेळ तसाच उभा राहतो.

पण ही माणसं तोंड पाडून बसणारी नाहीत. पाऊस संपला, मी पाण्यात उतरले आणि पहिल्याच रविवारी तेच चौघे हजर. "प्रवासी नाही नेता येत ना?" किंजल म्हणाली. "आम्ही पाहुणे. तिकीट नाही, काही नाही. खाना घरचा."

"पाहुन्यांना काम पडतं आमच्याकडे," मार्था म्हणाली आणि तिने प्रत्येकाच्या हातात एकेक दोर दिला. श्रीरंग जाड जीन्स घालून आला होता. वारा मागून होता, शीड पोटभर फुगलं होतं, आणि मी अशी धावले की ऑगस्टीन कितीतरी महिन्यांनी गायला लागला. मार्थाने त्याला दोनदा गप्प केलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच सूर धरला.

भरतीला आम्ही कवडी बेटाच्या जेट्टीशी गेलो. उतरलो नाही. मी नुसती फाटकाला बाजू लावून उभी राहिले. एका पावसाळ्यात खाऱ्या हवेने काय करायचं ते केलं होतं. फलकाची अक्षरं गेली होती, 'नागरिकांच्या' एवढंच उरलं होतं. सळ्या गंजून लाल झाल्या होत्या. कडीला हात लावला की पापुद्रे सुटत होते. बेटावर वस्ती नाही, कधीच नव्हती.

किंजलने माझ्या कठड्यावरून वाकून कुलपाला हात लावला आणि बोटं सगळ्यांसमोर धरली. ऑगस्टीनने तिची बोटं हुंगली.

मी आज पाचूबंदरच्या खाडीत नांगरून आहे. शीड घडी घालून ठेवलंय, कील पाण्यात खोल आहे, अंगावर एक ओरखडा नाही. नाताळ जवळ येतोय. मला हिरवळीवर जायचं नाही, मला माणसं फिरवायची आहेत. वाचणाऱ्यांपैकी कोणाची कुठल्याही कार्यालयात ओळख असेल, तर माझ्या वतीने एवढंच सांगा.

फाटक गंजलंय, कडी गंजलीय, जाळी गंजलीय. आणि साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे नसलेल्या, कोणाच्याही ताब्यात नसलेल्या त्या कुलपाला कोणीतरी येऊन ताजं तेल घालून गेलं आहे.